भाव आधी, कुत्रा नंतर

जानेवारी २०२५ मधल्या एका रविवारी संध्याकाळी भाच्याचा फोन आला. तो शेफील्डला एमएस्सी करायला गेलेला, मी नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत राहणारा निवृत्त गणित-मास्तर. थंडी, जेवणखाण, परीक्षा असं सगळं बोलून झाल्यावर त्याचा आवाज खाली आला. "मामा, पप्पांना सांगू नका. कुत्र्यांच्या शर्यतीत एकशेचाळीस पौंड गेले."

म्हणजे पंधरा हजारांच्या आसपास. सहा आठवड्यांत. वसतिगृहातली पोरं मजा म्हणून आउलर्टन स्टेडियमला गेली, तो पहिल्या रात्री बावीस पौंड जिंकला आणि मग एकटाच जायला लागला. बहुतेकांची गोष्ट अशीच सुरू होते. पुढचं वाक्य मात्र रडगाण्याचं नव्हतं. "पण हे शिकता येतं, मामा. इथे काही म्हातारे रोज येऊन कार्ड वाचत बसतात. मला एक फॉर्म्युला काढून द्या ना."

झापणारच होतो. पण पोरगं लपवत नव्हतं, आणि प्रश्न माझ्या विषयातला होता: शिकता येतं का, आणि आलं हे कळणार कसं? मी अट घातली. बारा आठवडे एकही पौंड लावायचा नाही. सगळं कागदावर, एका पैजेला एक एकक. हिशेबाची वही माझ्याकडे राहील. त्याने कबूल केलं. मी पेठेतून लाल कापडी बांधणीची खतावणी आणली, कारण असल्या कामाला साधी वही पुरत नाही, असं माझं एक म्हातारपणाचं मत आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तिकडे अठरा वर्षांवरच्या माणसाला परवानाधारक बुकीकडे पैसे लावणं कायदेशीर आहे. आपल्याकडे १८८७ पासून जुगारबंदीचा कायदा आहे. घोड्यांची शर्यत कौशल्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटल्यामुळे महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सचं प्रकरण वेगळं. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने तर पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद झाले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. त्यामुळे नाशिकात बसून परदेशी कुत्र्यांवर पैसे लावायची कोणी युक्ती सांगत असेल, तर तो तुम्हाला लुटणार तरी आहे किंवा अडकवणार तरी.

कार्ड

पहिले दोन आठवडे भाचा मला कार्ड वाचायला शिकवत होता. मामा विद्यार्थी, भाचा मास्तर.

ब्रिटनमध्ये एका शर्यतीत सहा कुत्रे. प्रत्येकाचा खोका, म्हणजे ट्रॅप, आणि त्याच्या रंगाचं जॅकेट ठरलेलं: एक लाल, दोन निळा, तीन पांढरा, चार काळा, पाच केशरी, सहा काळे-पांढरे पट्टे. समोरून यांत्रिक ससा सुटतो. ही कल्पना अमेरिकेतल्या ओवेन पॅट्रिक स्मिथची, आणि इंग्लंडात तिचा पहिला खेळ मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला २४ जुलै १९२६ रोजी झाला. ग्रेहाउंड वासावर नाही, नजरेवर धावतो, आपल्याकडच्या कारवानी कुत्र्यासारखाच. ५०० मीटरची शर्यत तीस सेकंदांच्या आत-बाहेर संपते. आपल्याकडे चहा गाळायला याहून जास्त वेळ लागतो.

शर्यती मुद्दाम तुल्यबळ केलेल्या असतात, ही यातली खरी गंमत. ट्रॅकचा रेसिंग मॅनेजर कुत्र्यांना प्रतवारी लावतो. ए-१ सगळ्यात वरची, आकडा वाढेल तशी प्रत खाली. जिंकला की चढवला, हरत राहिला की उतरवला. आतल्या कठड्याला धरून पळणारे आतल्या ट्रॅपना, बाहेरून पळणारे पाच-सहाला. म्हणजे सहाही कुत्रे साधारण एकाच वेळी पोहोचावेत, अशी मांडणी करणारा एक जाणकार माणूस पगारावर बसलेला आहे, आणि त्याच्या मांडणीतली फट तुम्हाला शोधायची आहे. सर्वांत कमी भावाचा, म्हणजे बाजाराच्या मते जिंकण्याची सर्वांत जास्त शक्यता असलेला कुत्रासुद्धा साधारण तीनांत एकदाच जिंकतो.

कार्डावर प्रत्येक कुत्र्याच्या मागच्या शर्यती एकेका ओळीत असतात: कितव्या ट्रॅपमधून सुटला, पहिल्यांदा निकालरेषेवरून गेला तेव्हा किती वेळ झाला होता, वळणावर कितवा होता, शेवटी कितवा आला, किती लांबी मागे पडला, वजन किती होतं. वजनावर त्यांचं बारीक लक्ष असतं. मागच्या वेळेपेक्षा एक किलोहून जास्त फरक पडला तर कुत्रा पळूच देत नाहीत. आणि प्रत्येक ओळीत दोन-तीन शब्दांचा शेरा. 'स्लो अवे' म्हणजे ट्रॅपमधून उशिरा निघाला, 'क्राउडेड' म्हणजे गर्दीत सापडला, 'रॅन ऑन' म्हणजे शेवटी जोर लावून आला. हा तिसरा शेरा लक्षात ठेवा.

वेळेचं गणित सोपं आहे. कुत्र्याची एक लांबी म्हणजे ०.०८ सेकंद. विजेत्याने २९.५२ सेकंद घेतले आणि आपला कुत्रा चार लांबी मागे असेल, तर त्याची वेळ २९.८४. त्या रात्री वाळू ओली, ट्रॅक जड, आणि कार्डावर उणे २० लिहिलेलं असेल तर ०.२० सेकंद वजा करायचे. हाती येतात २९.६४. वेगवेगळ्या रात्रींच्या वेळा अशा एका पातळीवर आणता येतात. हे जमायला लागलं आणि भाच्याला वाटलं, किल्ली सापडली.

पहिले चार आठवडे

त्याची रीत अशी: सहांपैकी सगळ्यात चांगला कुत्रा शोधायचा आणि त्याच्यावर लावायचं. ९६ शर्यती पाहिल्या, ९१ मध्ये कागदावर पैज लावली. चार आठवड्यांअखेर १९ एकक खाली.

तो हिरमुसला. मी त्याला एका शर्यतीचे सहा भाव लिहायला लावले: दोनास एक, पाचास दोन, चारास एक, पाचास एक, सहास एक, दहास एक. आता प्रत्येक भावातून शक्यता काढ. दोनास एक, म्हणजे एक लावून जिंकलं तर वर दोन मिळणार; तीनांत एकदा, ३३.३ टक्के. पाचास दोन म्हणजे सातांत दोनदा, २८.६. पुढे २०, १६.७, १४.३, ९.१. बेरीज कर.

"एकशेबावीस," तो म्हणाला. मग थोडा वेळ गप्प. "शंभर यायला पाहिजे होती."

वरचे बावीस बुकीचे. सगळ्या कुत्र्यांवर त्या प्रमाणात १२२ रुपये लावले, तर कोणीही जिंको, हातात १०० येतात. म्हणजे शंभरातले अठरा जातात. ९१ पैजांवर १८ टक्क्यांनी जवळजवळ साडेसोळा एकक होतात, त्याचे गेले १९. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी साधारण तेवढेच गेले असते. महिनाभर कार्ड वाचून त्याने जे मिळवलं होतं, ते बाजाराला आधीच माहीत होतं.

याच सुमारास दाजी, म्हणजे त्याचे वडील, नाशिकला एका लग्नाला आले आणि आमच्याकडे मुक्काम केला. लासलगावात त्यांची कांद्याची खरेदी आहे, तीस वर्षं लिलावात उभे राहतात. खतावणी टेबलावरच होती. "काय मास्तर, ही कसली जमाखर्ची?" पोराचा कॉलेजचा प्रकल्प आहे, असं मी ठोकून दिलं. प्रकल्प होताच म्हणा. त्यांनी चष्मा वर करून दोन पानं चाळली आणि विचारलं, "हा कोणता कुत्रा चांगला, ते लिहितोय. कितीला चांगला, ते कुठंय?"

मी नुसता बघत राहिलो.

"मास्तर, ट्रॉली समोर आली की माल चांगला आहे हे सगळ्या व्यापाऱ्यांना दिसतं. आंधळ्यालाही दिसतं. मी घरून मनात भाव धरून निघतो. त्याच्या वर गेला की सोडून देतो. चांगल्या मालात माणूस जास्त बुडतो, वाईटाला हात कोण लावतो?"

संभाव्यतेवर मी वर्गात पंचवीस वर्षं बोललो आहे, पण इतकं नेमकं कधी जमलं नाही. त्याच रात्री भाच्याला फोन करून नियम बदलला.

सहा आकडे, बेरीज शंभर

नवा नियम: भाव पाहायच्या आधी सहाही कुत्र्यांना स्वतःची टक्केवारी द्यायची. बेरीज शंभरच आली पाहिजे. ते आकडे मला पाठवायचे, मी वहीत उतरवेपर्यंत बुकीचा भाव उघडायचा नाही. मग बुकीचा भाव आपल्या भावाहून किमान सव्वापट असेल, तरच कागदी पैज. नसेल तर त्या शर्यतीपुढे एकच शब्द: 'सोडली'.

सोपं वाटतं. भाच्याला पहिल्या दिवशी एका शर्यतीला चाळीस मिनिटं लागली. "हा जिंकेल" म्हणणं सोपं, "हा शंभरातून सतरा वेळा जिंकेल" म्हणताना हात थांबतो. आणि गंमत म्हणजे एका कुत्र्याला पाच टक्के वाढवून द्यायचे तर दुसऱ्याच्या ताटातले काढावे लागतात.

दुसऱ्या चार आठवड्यांत ८८ शर्यतींपैकी २७ मध्येच पैज झाली. आठ जिंकल्या. चार एकक वर! पठ्ठ्याने मला ढोल वाजवणारी तीन चित्रं पाठवली आणि पाठोपाठ विचारलं, आता खरे दोन-दोन पौंड लावू का?

इथे मला मास्तर व्हावं लागलं. तीनास एकच्या आसपासच्या भावावर २७ पैजा लावल्या, तर नुसत्या नशिबाने नऊ एकक वर किंवा नऊ एकक खाली जाणं ही रोजची गोष्ट आहे. शंभर पैजांना हाच हेलकावा सतरा एककांचा होतो. त्यात चार एककांचं काय कौतुक? कौशल्य आहे की नाही हे नफ्यावरून कळायला हजारो पैजा लागतील, आणि तोवर त्याची डिग्री संपेल.

किती लावायचं, याचंही एक जुनं सूत्र आहे. बेल लॅब्जमधल्या जॉन केलीने १९५६ मध्ये मांडलेलं. कुत्रा तीस टक्के वेळा जिंकणार आणि भाव तीनास एक असेल, तर भांडवलाच्या पंधराव्या हिश्शाइतकं लावा, असं ते सांगतं. भाचा खूश. मी म्हटलं, आता तीसच्या जागी पंचवीस टाकून बघ. उत्तर शून्य. पाच टक्क्यांनी अंदाज चुकला की लावायचं कारणच उरत नाही. तुझा अंदाज पाच टक्क्यांच्या आत बरोबर असतो, असं कोणी सांगितलं? तो विषय तिथेच मिटला.

चार नंबरचा काळा

या साऱ्या प्रकरणाचा तळ एका शर्यतीत दिसला. मार्चमधली, ए-५ प्रतीची, ५०० मीटर. त्यांच्या दुपारची, म्हणजे आपल्याकडे दिवेलागणीची वेळ. भाचा फोनवर होता, तिकडे लॅपटॉपवर शर्यत लावलेली.

त्याने चार नंबरच्या काळ्या जॅकेटवाल्याला ३४ टक्के दिले होते. का? ट्रॅकच्या जडपणाचा हिशेब करून सहांमध्ये त्याचीच वेळ सगळ्यात चांगली येत होती, मघाशी सांगितलेले २९.६४. मागच्या पाचांपैकी चार शर्यतींत शेरा: रॅन ऑन. शिवाय तो ए-४ मधून नुकताच उतरवलेला, म्हणजे वरच्या वर्गातला मुलगा खालच्या वर्गात. बुकीचा भाव पाचास दोन. त्यातला बुकीचा वाटा काढला की उरतात २३ टक्के. ३४ टक्क्यांचा आमचा भाव १.९४ ला एक, त्याची सव्वापट २.४३; बुकी देत होता २.५. आमच्या नियमाप्रमाणे पैज बसत होती.

कार्ड माझ्याकडेही होतं. पहिल्यांदा निकालरेषेवरून जातानाची वेळ बघ म्हटलं. काळा तिथे तीन आणि पाच नंबरवाल्यांपेक्षा ०.१६ सेकंदांनी मागे असायचा. म्हणजे दोन लांबी. पहिल्या वळणाआधीच दोन लांबी मागे, डावीकडे एक वेगवान, उजवीकडे दुसरा, आणि सहाही जण त्याच अरुंद वळणात शिरायला धडपडणार. रविवार कारंज्यावर संध्याकाळी स्कूटर घातलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पाच नंबरवाला जरा आत आला की चारचं दार बंद.

"पण शेवटी येतोच तो, मामा."

शर्यत सुटली. भाचा बोलत होता: "उशिरा निघाला… पाच आत आला… अडकला, अडकला… आता बाहेरून निघाला बघा… येतोय, येतोय!" आणि मग, "तिसरा. दीड लांबीने. मामा, अजून पन्नास मीटर असते ना…"

"पाचशेची शर्यत पाचशेला संपते," मी म्हणालो. मास्तरकीची खोड.

त्या रात्री झोप लागेना म्हणून वही काढली. नफा-तोटा बाजूला ठेवला आणि वेगळंच मोजलं. शेवटच्या आठ आठवड्यांत, पैज लावलेली असो वा नसो, भाच्याने ज्या-ज्या कुत्र्याला तीस ते चाळीस टक्के दिले होते ते सगळे वेगळे काढायचे आणि त्यांतले जिंकले किती ते पाहायचं. बारावा आठवडा एप्रिलमध्ये संपला तेव्हा यादी पुरी झाली. असे ५८ कुत्रे. त्याचे आकडे बरोबर असते तर वीसेक जिंकायला हवे होते. जिंकले चौदा. बुकीच्या भावातून त्याचा वाटा काढून त्याच ५८ कुत्र्यांचा हिशेब केला तर येत होते पंधरा. बाजार आमच्यापेक्षा शहाणा होता, आणि बराच.

मग त्या ५८ चे दोन ढीग केले. ज्यांच्या शेऱ्यांत 'रॅन ऑन' वारंवार येतं असे ३१, बाकीचे २७. बाकीच्यांपैकी नऊ जिंकले होते, अगदी त्याच्या अंदाजाइतके. शेवटी जोर लावून येणाऱ्या ३१ पैकी पाच. व्हायला हवे होते दहा-अकरा.

तेव्हा पोराची चूक कार्ड न वाचण्यात नव्हती. मागून येणारा डोळ्यात भरतो. पुढे निघून तसाच पुढे राहिलेला कुत्रा बघायला कंटाळवाणा, आणि तोच जास्त वेळा जिंकतो, कारण पहिल्या वळणावर त्याच्यासमोर कोणी नसतं. मी भाच्याला ही दोन ढिगांची गोष्ट सांगितली तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मला शाळेपासूनच असली माणसं आवडतात, मामा." यावर काय बोलणार?

हिशेब

तिसऱ्या टप्प्यात ९० शर्यती, १४ पैजा, तीन जिंकल्या, दोन एकक खाली. दुसरा आणि तिसरा टप्पा मिळून ४१ पैजा आणि दोन एकक वर. या आकड्यावरून काहीही सिद्ध होत नाही, तसं मी वहीत लाल शाईने लिहून ठेवलं आहे. मात्र पहिल्या टप्प्यात ९६ पैकी पाच शर्यती सोडणारा मुलगा शेवटी ९० पैकी ७६ सोडत होता. म्हातारे कार्ड वाचत बसतात पण पैज लावायच्या खिडकीकडे फार कमी वेळा जातात, हे त्याला आता दिसायला लागलं होतं. आधी दिसत नव्हतं असं नाही, त्याला वाटायचं त्यांच्याकडे पैसे नाहीत.

माझं मत विचाराल तर, शिकता येतं. पण बुकीचे बावीस टक्के ओलांडण्याइतकं शिकता येतं का, याला माझ्या वहीत होकार नाही. फोन-अ‍ॅपवर 'पक्की टिप' विकणाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारेन: भाव सुटण्याआधी लिहिलेले तुमचे सहा आकडे दाखवा.

आणखी एक गोष्ट वहीत नाही. त्या वळणावरच्या धक्काबुक्कीत कुत्रे पडतात, पाय मोडतात, हे भाच्याने एकदा समोर पाहिलं. न्यूझीलंडने डिसेंबर २०२४ मध्ये हा खेळ बंद करायचं जाहीर केलं होतं, फेब्रुवारीत वेल्सनेही तेच केलं, आणि लंडनमधला क्रेफर्डचा ट्रॅक जानेवारीत बंद पडला. एप्रिलनंतर तो आउलर्टनला दोनदाच गेला, तेही मित्रांबरोबर, आणि दोन्ही वेळा वळणाच्या बाजूला उभा राहिला नाही.

ऑक्टोबरात तो घरी आला. एके सकाळी दाजींनी त्याला लासलगावला लिलावाला नेलं, मीही गेलो. ट्रॅक्टरची रांग लागलेली, चाळीतला उन्हाळ कांदा, धुरळा. दाजी म्हणाले, सांग बघू भाव. पोराने तळहातावर पेनाने आकडा लिहिला, मूठ मिटली आणि बोली ऐकत उभा राहिला. पहिल्या दोन ट्रॉल्यांना तो चाळीस-पन्नास रुपयांच्या आत होता. तिसरीला वरचा थर असा गुलाबी, एकसारखा, की माझाही जीव त्यावर गेला. त्याच्या मुठीतला आकडा बोलीपेक्षा दोनशेने जास्त निघाला.

दाजी काही बोलले नाहीत. ट्रॉलीच्या कडेवर चढले, कोपरापर्यंत हात आत घातला आणि तळाची मूठभर गोल्टी, म्हणजे बारीक कांदे, काढून त्याच्या तळहातावर, त्या आकड्यावरच, ठेवली.